पहिली पसंती

"सगळ्याच डॉक्टर व्हायला निघाल्या, तर पेशंट कोण होणार गं?" काकू म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मी त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये फरशीवर बसले होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस कोणी म्हणालं नव्हतं. मी लहान असल्यापासून आई त्यांच्याकडे धुणंभांडी करते. माझी दहावी झाली, त्र्याऐंशी टक्के पडले. अकरावीचा ऑनलाइन फॉर्म शिकलेल्या बाईनं भरला म्हणजे चुकणार नाही, म्हणून आईच मला घेऊन आली. आमची माणसं चुकतात ती इथंच.

काकूंनी लॅपटॉप उघडला. मी पुन्हा सायन्सच म्हणाले.

"मिळेल गं. तुम्हाला काय, कॅटेगरीतून मिळतंच. पण पुढे झेपायला नको?"

त्यांच्या मुलाचीही दहावीच झाली होती. तो सायन्सच्या क्लासला निघाला होता. त्याला झेपेल का, हे कोणी विचारलं नाही.

मग मला न विचारता त्यांनी पहिल्या पसंतीला आर्ट्सचं सकाळचं कॉलेज टाकलं. आईकडे वळून म्हणाल्या, "दुपारी मोकळीच असेल. तुझे गुडघे दुखतात, इथलं काम हीच बघेल."

पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. शाळेत सरांनी बजावून सांगितलं होतं. आता फक्त फॉर्म लॉक करायचा राहिला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे डोळे सांगत होते, गप बस. हे काम सुटलं तर घर कसं चालणार, हे मलाही कळत होतं.

"लॉक करू नका," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "मला सायन्सच घ्यायचंय. फॉर्म मी भरेन."

काकूंनी चष्मा काढला. "बरं. आम्ही आपलं भल्यासाठी सांगत होतो. यांना आता सल्लासुद्धा चालत नाही."

यांना. मी एकटीच बोलले होते. पण त्या कोणाकोणाबद्दल बोलत होत्या, ते मला बरोबर कळलं.

जिना उतरताना आई म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर घेतलंस. उद्या येऊ नको म्हणाल्या तर?"

संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन मी फॉर्म भरला. पहिली पसंती सायन्स. लॉकचं बटण मीच दाबलं.

सायन्स मिळालं. वर्गात फिजिक्स इंग्रजीतून चालतं, अर्धं डोक्यावरून जातं. काकूंचं खरं ठरेल अशी भीती वाटते. आई अजून त्यांच्याकडेच जाते आणि रोज ती परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. भीती गेल्यावर बोलायचं म्हटलं, तर सगळा जन्म गप्प बसण्यात जाईल. नापास झाले तर पुन्हा परीक्षेला बसेन. पण कोणाच्या सोयीसाठी मी कमी शिकणार नाही.