सिरिल प्रीस आणि रडक्या राण्यांची बस

इंग्लंडातल्या आमच्या श्रॉपशायरमध्ये पाहण्यासारखं पुष्कळ आहे, असं पाहायला येणारे सांगतात. आम्ही पडलो इथलेच, त्यामुळे आम्हाला अजून सवड मिळालेली नाही. वेनबरीच्या पडक्या किल्ल्याखाली माझं चहाचं दुकान आहे. किल्ला कसा आहे म्हणून कुणी विचारलं की मी डोळे विस्फारून "अहाहा!" म्हणते. त्यात गिऱ्हाइकाचंही समाधान होतं आणि माझ्या गुडघ्यांचंही.

पण सिरिल प्रीसची गोष्ट निराळी. तो सहलीची बस चालवायचा. उभा जन्म त्याने लोकांना किल्ले, मठ आणि टेकड्या दाखवण्यात घालवला आणि स्वतः त्यातलं एकही ठिकाण पाहिलं नाही. बस थांबली की प्रवासी वर जात आणि सिरिल माझ्या दुकानात येऊन खिडकीकडे पाठ करून बसे.

"सिरिल, आज ऊन पडलंय. ये की एकदा वर जाऊन," मी म्हणायचे.

"काय आहे वर?"

"भिंती आहेत."

"छप्पर?"

"नाही."

"मग छप्पर घातलं की सांग."

असा हा रसिक माणूस. त्याच्या बसवर कंपनीने थेल्मा ऑकली नावाची बाई नेमली, प्रवाशांना माहिती सांगायला. थेल्मा आयुष्यभर शाळेत मुलांची नाटकं बसवत आली होती. ती निवृत्त झाली तेव्हा शाळेने निरोपसमारंभ फार उत्साहाने केला म्हणतात. आता तिच्या हाती माईक आला, आणि समोर पळून जाऊ न शकणारे श्रोते. माणसाला आणखी काय हवं असतं?

थेल्माच्या हिशेबाने आमच्या भागात एकही बुरूज असा नव्हता, जिथे एखादी राणी रडली नव्हती. राण्यांना दुसरा उद्योगच नसावा. होपस्टोच्या मठापाशी बस आली की ती आवाज खाली आणायची. "डोळे मिटा, मंडळी. त्या संन्याशांची प्रार्थना वाऱ्यात अजून ऐकू येते."

"पंखा आहे तो," सिरिल पुटपुटला. "बायकांच्या संडासातला."

पुटपुटला खरा, पण माईक चालू होता. सगळी बस हसली.

"मिस्टर प्रीस, तुम्ही समोर बघा!"

"बघतोच आहे, बाई. म्हणून तर तुम्ही अजून जिवंत आहात."

दोघांनीही कंपनीकडे तक्रार केली. बसायला दुसरी बस द्या, असं तिचं म्हणणं. माईक काढून घ्या, असं याचं. साहेबांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही, कारण एव्हाना लोक फोन करून 'ती भांडणाची बस' मागू लागले होते. किल्ले वगैरे काय, वाटेत लागतीलच.

मग एका ऑक्टोबरात थेल्मा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा एक गट घेऊन रॅगल टेकडीवर गेली आणि धुकं उतरलं. गट सुखरूप खाली आला. थेल्मा आली नाही. माणसं बसमध्ये जागेवर बसली, पायांवर घोंगड्या घेतल्या आणि हळहळली. हळहळून झाल्यावर एकजण म्हणाला, "हॉटेलातलं जेवण गार होईल हो."

सिरिलने टोपी घातली, दोनचार शिव्या दिल्या आणि पॉलिश केलेल्या बुटांनिशी तो टेकडी चढू लागला. पुढचं मी दोघांकडूनही ऐकलंय. हकिगतींमध्ये फरक एवढाच, की तिच्या हकिगतीत तो घसरून तीनदा पडतो आणि त्याच्या हकिगतीत एकदाही नाही.

ती त्याला आवाजावरून सापडली. पाय मुरगळून एका खडकावर बसली होती आणि समोरच्या धुक्याला इतिहास सांगत होती.

"इथे ऐकायला कुणी नाहीये, बाई."

"माहितीये मला. गप्प बसलं की भीती वाटते."

सिरिल तिच्या शेजारी बसला. त्याने बुटांचा चिखल गवताला पुसला. शेवटी म्हणाला, "बरं, सांगा. इथे कुठली राणी रडली?"

"इथे अजून कुणी नाही रडलं," थेल्मा म्हणाली, आणि हमसून हमसून रडू लागली.

त्याने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला. तेवढ्यात वारा सुटला, धुकं फाटलं आणि पार वेल्सच्या डोंगरांपर्यंत सगळा मुलूख संध्याकाळच्या उन्हात उघडा पडला. नदी, कुंपणं, मेंढ्या, सगळं.

"पाहिलंत?" तिने डोळे पुसत विचारलं.

सिरिलने बराच वेळ पाहिलं. "हो," तो म्हणाला. "बस तिरकी लागलीय."

अर्धी चालवत, अर्धी पाठुंगळी घेत त्याने तिला खाली आणलं. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. आता जेवायला मिळणार होतं ना.

पुढच्या वसंतात त्यांनी लग्न केलं. केक माझ्या दुकानाचा होता. लग्नानंतर फरक एवढाच पडला, की 'मिस्टर प्रीस' आणि 'बाई' जाऊन भांडण अरे-तुरेवर आलं. मधुचंद्राला ते समुद्रकाठी गेले. ती किनाऱ्यावर फिरली आणि तो गाडीत बसून पेपर वाचत राहिला. दोघंही खूश होऊन परतले.

काही वर्षांनी थेल्माच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. कंपनीला अतिशय वाईट वाटलं. इतकं, की आठवड्याच्या आत त्यांनी तिच्या जागी एक कॅसेट आणली. कॅसेटमध्ये कुणी लोणी लावल्यासारख्या आवाजाचा गृहस्थ सगळी माहिती अचूक सांगत असे. त्याच्याकडे एकही राणी रडत नव्हती.

सिरिलने एक दिवस ती ऐकली. दुसऱ्या दिवशी कॅसेट हरवल्याचं त्याने कंपनीला कळवलं. ती माझ्या कचऱ्याच्या डब्यात कशी आली, हे मी त्याला विचारलं नाही.

मग त्याने स्वतः माईक घेतला. थेल्माला पहिल्या सीटवर बसवलं. इतकी वर्षं ऐकून तिची सगळी भाषणं त्याला पाठ होती. फक्त टायर पंक्चर झाल्याचं सांगावं तशा सुरात तो ती म्हणायचा. "उजवीकडे बुरूज. इथे राणी रडली. खूप रडली. पुढे वळण आहे, धरून बसा." त्याने काही गाळलं की थेल्मा मागून छत्रीने त्याच्या खांद्यावर टोचायची. मग तो निमूटपणे भाषणात मागे जाऊन गाळलेली राणी रडवून यायचा.

एकदा सुट्टीच्या दिवशी मीही त्या बसमध्ये होते. होपस्टोचा मठ आला. सिरिल म्हणाला, "डोळे मिटा. संन्याशांची प्रार्थना ऐकू येते."

"पंखा असेल तो!" मागून एक तरुण ओरडला. बस हसली.

सिरिलने बस थांबवली आणि उठून मागे गेला. "काय म्हणालात, साहेब?"

"अहो, गंमत केली."

"प्रार्थना आहे ती."

"बरं, बरं."

"काय आहे?"

"प्रार्थना," तरुण म्हणाला.

सिरिल परत येऊन बसला. थेल्मा बाहेर पाहत होती. मठाच्या कमानींत पाहण्यासारखं एवढं काय आहे कोण जाणे, पण बस पुढे गेली तरी ती मान वळवून तिकडेच पाहत राहिली.

त्याच्या बसबद्दल तक्रारी यायच्या आणि जागाही भरायच्या, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत साहेबांनी त्याला हात लावला नाही. थेल्माचा आवाज हळूहळू थोडा परतला, खरखरीत, दाराच्या बिजागरीसारखा. नीट पहिलं वाक्य ती बोलली ते माझ्याच दुकानात.

"सिरिल, वेनबरीला राणी नव्हती रडली. सरदाराची बायको रडली होती."

"अगं, तूच इतकी वर्षं राणी म्हणत होतीस!"

"मी म्हटलं तर चालतं."

 सिरिलने रुमाल काढून नाक शिंकरलं आणि चहा कडू झालाय म्हणून माझ्यावर खेकसला.

हल्ली ते घरीच असतात. परवा मी केक घेऊन गेले. घंटी वाजवली, पण आत भांडण चांगलंच रंगलं होतं, कुणी येईना. मी पायरीवर बसले आणि केकचा एक तुकडा तोंडात टाकला.