आबा प्याले नव्हते

डॉ. वासंतीताईंची आणि माझी पहिली भेट कार्ल्याच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. मी नुकताच डॉक्टरकी शिकून आलो होतो. त्यांनी नाव विचारले, खुर्ची दाखवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. स्वागत एवढेच. त्या फार थकलेल्या दिसत होत्या. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसलो आहे तो मीही दवाखाना आटोपून, दमूनच.

भातकापणीचे दिवस होते. भर दुपारी रस्त्यावरचा टपरीवाला धावत आला.

"बाई, गणपतआबा पिऊन पडल्यात. लय बरळत्यात."

गणपतआबा हे ताईंचे मधुमेहाचे जुने रुग्ण. ताई तशाच उठल्या, मागोमाग मी. आबा टपरीच्या बाकाशेजारी पडले होते, सदरा घामाने चिंब. भोवती माणसे हसत होती. कोणीतरी त्यांच्या तोंडात सरबत ओतणार, तोच ताई ओरडल्या, "शुद्धीवर नाहीत ते, ठसका लागेल!" बोटातून रक्त घेऊन पाहिले, साखर पार उतरली होती. तिथेच शिरेतून ग्लुकोज दिले. हळूहळू आबांनी डोळे उघडले, जमलेली माणसे पाहिली आणि रडू लागले.

"बाई, म्या प्यालो न्हाई वो."

"माहीत आहे, आबा."

साखर वर आली तरी ताईंनी त्यांना घरी सोडले नाही. मधुमेहाच्या गोळीचा अंमल टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून लोणावळ्याच्या रुग्णालयात ठेवले. तपासणीत मूत्रपिंडे अशक्त निघाली, त्यामुळे गोळी अंगात साचून राहत होती. दात पडल्याने जेवण निम्म्यावर आले होते, त्यात सकाळी गोळी घेऊन उपाशीपोटी कापणी. गोळी मात्र जुन्याच मापाची.

आबा घरी परतले, पण मुलगा त्यांच्याशी बोलेना. बाप रस्त्यात पिऊन पडला, हे त्याला कारखान्यात कोणीतरी सांगितले होते. ताईंना हे कळले तेव्हा त्या बापलेकांना घेऊन त्याच टपरीवर गेल्या. चार माणसांसमोर म्हणाल्या, "आबा प्याले नव्हते. गोळी मी लिहिलेली. त्यांचं जेवण घटलंय, मूत्रपिंडं थकलीत, हे मी वेळेवर पाहिलं नाही. चूक माझी आहे."

मुलगा आबांजवळ आला. मग म्हणाला, "चला आबा, घरी जाऊ," आणि त्याने बापाचा हात धरला.

परतताना मी विचारले, "एवढं सगळ्यांसमोर कशाला?"

"आबांना हसले तेही सगळ्यांसमोरच ना?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर किती वर्षे आम्ही तेच सांगत आलो. इन्सुलिन घेऊन उपास करू नका. अंगमेहनत वाढली तर खाणे वाढवा. रिकाम्या पोटी दारू नको. एकदा साखर उतरलेल्याने जास्त जपावे. वारंवार उतरली की थरथर, घाम ही खूण मिळेनाशी होते. माणसे "व्हय, व्हय" म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसरेच कोणी झोळीत घालून आणले जाते. मी चिडतो. ताई चिडत नाहीत. त्या चष्मा पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतात. या कामाला शेवट नाही, हे त्यांना माझ्याआधी कळले होते, तरीही त्या सांगत राहिल्या.

ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि त्यातल्या काही दुपारी तरी कोणी धावत न येवो. त्यांना निवांत झोप मिळो.