आधीच मानलेले आभार

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत. नवराही म्हणे, अर्थात तिच्या माघारी. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायापाशी आणखी एक ब्रेक होता. तो तिने इतकी वर्षं दाबला होता की घरी खुर्चीत बसलेली असतानाही समोरचा माणूस काही आचरट बोलायला लागला, की तिचा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. टिचकी आजारी पडल्यापासून तर तो सारखाच दाबला जात होता. उपयोग शून्य, कारण फरशीला ब्रेक नसतो.

टिचकी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि घरात माणसांची रीघ लागली. त्यांच्या चर्चची मंडळी मायाळू होती, यात वाद नाही. पण माया करणाऱ्याला गप्प बसता येतंच असं नाही. कुणी सांगे गव्हांकुर पाजा, कुणी सांगे साखर तोडा. पाळकांच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या, बायकोने हात हातात घेऊन सांगितलं की देवाचं ज्यांच्यावर प्रेम असतं, त्यांचीच तो परीक्षा घेतो. मास्तरीण म्हणाली, मग त्याने जरा कमी प्रेम करावं, आमचं भागेल. पाळकांची बायको पुढच्या वेळी आली ती नुसतं सूप घेऊन. डबा ठेवला, टिचकीचे मोजे वाळत घातले आणि एक शब्द न बोलता निघून गेली. तेव्हापासून मास्तरिणीला ती आवडायला लागली.

मास्तरिणीचा देवावर विश्वास नव्हता, असं नाही. होता, म्हणूनच तर भांडण होतं. नसलेल्या माणसाशी कोण भांडत बसेल? रोज सकाळी गाडीची काच पुसताना ती त्याला चार शब्द सुनवायची, आणि तिच्या मते ती प्रार्थनाच होती.

सासूबाईंचं सगळं उलट. त्यांच्या तोंडी उठताबसता आभार. टिचकीची शीर पहिल्या टोचणीला सापडली, प्रभूचे आभार. तिसऱ्या टोचणीला सापडली, तरी आभार, चौथी टोचावी लागली नाही म्हणून. दवाखान्याची लिफ्ट चालू, आभार. लिफ्ट बंद, तरी आभार, छातीचं जुनं दुखणं असूनही पाय अजून चालतात म्हणून. पोर उलट्या करून करून मलूल पडलेली आणि शेजारी ही आभारांची संततधार. मास्तरिणीच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्यातही सासूबाईंची खरी खोड वेगळी होती. त्या आभार आधीच मानून टाकत. मिळाल्यावर काय, दुकानदारही आभार मानतो. विश्वास असेल तर हातात पडायच्या आधी मानावेत, असं त्यांचं म्हणणं. मुलाला बेकरीत नोकरी लागायच्या आधी त्यांनी भर चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली होती, म्हणजे देवाने हे दिलं असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नातवंडाबद्दल तर सुनेला दिवस जायच्याही आधी. त्यानंतर कित्येक महिने मास्तरीण फुकटची अभिनंदनं घेत हिंडली आणि बायका तिच्या पोटाकडे बघत राहिल्या. नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणाला, आईचंही बरोबर आहे आणि तुझंही. हा माणूस पिठाच्या गोळ्यासारखा होता, जिकडून दाबाल तिकडून आत जाणारा.

आता मंडळींमधल्या गायकांविषयी सांगायला हवं, कारण टिचकीचा जीव त्यांच्यावरच टांगलेला होता. केमोचा फेरा झाला की तिच्या रक्तातल्या प्लेटलेट घसरत. त्या कमी झाल्या की रक्त थांबत नाही, साधी हिरडी दुखावली तरी वाहत राहतं. मग कुणाच्या तरी अंगातून त्या काढून हिला द्याव्या लागत, आणि त्या काही दिवसच टिकतात, म्हणून साठवून ठेवायचीही सोय नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या काकांनी यावर तोडगा काढला. दर फेऱ्याला गायनाच्या ताफ्यातल्या दोघा पुरुषांची पाळी लावायची, आणि त्या फेऱ्यात त्या दोघांनी गाव सोडायचं नाही, डोकं दुखलं म्हणून गोळी घ्यायची नाही आणि नीट जेवायचं. खालच्या पट्टीत गडगडणारे ते धिप्पाड बाप्ये सुई बघून पांढरेफटक पडत, पण येत. मास्तरिणीला आभार मानायची सवय नव्हती. तिने त्यांच्यातल्या दोघांच्या बायकांना एकदाही न ओरडता गाडी शिकवली, आणि तिच्या लेखी ही मोठीच कृतज्ञता होती.

पुढे एक दिवस डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की तपासणीत आता आजाराच्या पेशी दिसत नाहीत. मास्तरिणीचा श्वास मोकळा होतो न होतो तोच त्या पुढे म्हणाल्या की दिसत नाहीत म्हणजे संपल्या नाहीत, अजून दोन-अडीच वर्षं औषधं चालतील, मध्येच सोडलं तर आजार उलटतो. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही वाक्यं ऐकली, मान डोलावली आणि काही बोलल्या नाहीत. याच गोष्टीचा मास्तरिणीला संशय यायला हवा होता.

त्या रविवारी ती टिचकीजवळ घरी राहिली. नवऱ्याने पहाटेच एक भलामोठा केक भाजला आणि कुणाची तरी ऑर्डर आहे म्हणाला. दुपारी सासूबाई आणि तो परत आले तेव्हा त्याच्या बाहीला क्रीम लागलेलं होतं. तिने विचारलं, तर म्हणाला, आज प्रवचन चांगलं झालं.

पुढचा फेरा झाला आणि आठवड्याच्या आतच टिचकीच्या नाकातून रक्त आलं. थांबेना. पायांवर निळे डाग उमटले. ती रडलीही नाही, नुसती आईच्या बाहीला नाक पुसत राहिली, आणि बाही लाल होत गेली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लेटलेट आजच चढवायला हव्यात. रक्तपेढीत साठा संपलेला. तिथल्या माणसाने सांगितलं, दाता आणा, लगेच काढून देतो. नवऱ्याने नुकतंच रक्त दिलेलं, म्हणून तो बाद. हिचं स्वतःचंच रक्त कमी, म्हणून हीही बाद. पण मास्तरीण निश्चिंत होती. पाळी लावलेली होती ना. तिने काकांना फोन केला.

फोनमध्ये आधी गाणं ऐकू आलं. सगळा ताफा बसमध्ये होता, परगावी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता.

"पाळी कुणाची आहे?" तिने विचारलं.

काका खुशीत म्हणाले, "पाळी कसली आता? आजींनी साक्ष दिली ना, प्रभूने काम पूर्ण केलं म्हणून. आम्ही जास्तीची दोन गीतं गायलो त्या दिवशी. केक काय सुरेख होता."

मास्तरिणीचा पाय फरशीवर असा दाबला गेला की पोटरीत गोळा आला. ती शांतपणे बोलली, आणि ती शांतपणे बोलते तेव्हा गाडी शिकणारी माणसं परवाना नको म्हणून घरी जातात.

"काका, पोरीच्या नाकातून रक्त वाहतंय. तुमची दोन गीतं नकोत मला. दोन माणसं द्या."

पलीकडे गाणं थांबलं. मग बसही थांबल्याचा आवाज आला.

वाट बघायच्या त्या तासांत तिने नवऱ्याला केकबद्दल इतकंच विचारलं की तुला माहीत होतं का. तो म्हणाला, आई म्हणाली तुला सांगू नको, तू चिडशील. म्हणजे मी चिडू नये म्हणून पोरीला दाता नाही, असं म्हणून तिने जे तोंड सोडलं ते नर्स बाहेर येईपर्यंत मिटलं नाही. नवरा ऐकत उभा राहिला. मधूनच रडला, आणि तिला त्याचाही राग आला, कारण रडायची पाळी तिची होती. सासूबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी कुणाचेच आभार मानले नाहीत.

अखेर जिन्यावर बुटांचा धडधडाट झाला आणि दोन गायक आले. हमरस्त्यावर उतरून, उलट्या दिशेची जी मिळाली ती गाडी पकडून आले होते, कार्यक्रमाच्या काळ्या कोटांत आणि तांबड्या टायमध्ये. उंच सुरातले दोघेच होते ताफ्यात, दोघेही इथे आले, आता तिकडे वरचा सूर कोण लावणार देव जाणे. रक्तपेढीच्या माणसाने तपासून एकाला आत घेतलं, दुसऱ्याला गरज लागलीच तर म्हणून थांबवलं. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला टिचकीच्या पलंगावर प्लेटलेटची पिवळसर पिशवी लटकली. नाकातलं रक्त हळूहळू थांबलं. तिने पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि झोपली.

तेव्हा कुठे मास्तरीण बाहेर येऊन बाकावर बसली. बोलायचं ते सगळं तयार होतं. दुपारपासून मनात घोळवून घोळवून धार लावलेलं होतं. पण सासूबाईच आधी बोलल्या.

"चुकलं माझं. मला वाटलं नव्हतं, ती माणसं यायची थांबतील."

"तुम्ही ऐकलं होतंत ना डॉक्टरीणबाईंचं? दोन-अडीच वर्षं म्हणाल्या होत्या."

"ऐकलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणूनच तर. तेवढे दिवस मी पुरेन का, सूनबाई? छातीतलं तुला माहीत आहे. टिचकी बरी होईल आणि मी नसेन. माझे आभार राहून जातील. मला ते ठेवून जायचं नव्हतं."

मास्तरिणीजवळची धार कुठल्या कुठे गेली. तिला भयंकर राग आला, म्हातारीचा, तिच्या छातीचा, देवाचा, आणि डोळ्यांत येऊ घातलेल्या पाण्याचा. ही बाई मरणार, असा विचार आजवर तिने केलाच नव्हता. मरणाची सगळी भीती तिने एका लहान पलंगापाशी खर्च करून टाकली होती.

"तुम्हाला राहावंच लागेल," ती तोंड वळवून म्हणाली. "मला नाही जमत ते उभं राहून बोलणं."

"आणि नाही राहिले तर?"

आतून टिचकी झोपेत काहीतरी पुटपुटली. मास्तरिणीने कान दिला, पुन्हा काही आलं नाही.

"तर टिचकी बरी होईल त्या दिवशी चर्चमध्ये मी उभी राहीन," ती म्हणाली. "तुमच्या नावाने बोलेन. पण थोडक्यात बोलेन, सांगून ठेवते."

सासूबाईंनी मान हलवली आणि तिचा रक्ताने कडक झालेला बाहीचा काठ हातात घेऊन कुरवाळत बसल्या. मास्तरिणीने हात ओढून घेतला नाही.