नकाशावरची पायवाट

“ए बाई, इकडून नाही. हायवेनं फिरून ये.”

आमचे कॉलेजातले भूगोलाचे सर माझ्या आईला असं म्हणाले. कॉलनीच्या कडेला नवी भिंत उभी राहत होती आणि आई रोजच्या पायवाटेनं कॉलनीतल्या घरांत भांडी घासायला निघाली होती. मी मागेच होते. सरांनी मला पाहिलं, मान वळवली. याच माणसानं दिवाळीआधी आमच्या खाटेवर बसून चहा घेतला होता. तिला ‘आई’ म्हणाला होता.

नापिकीच्या वर्षांत तिवस्याकडची मजुरी आटली. तेव्हा आमच्यासारखी बौद्धांची बरीच घरं अमरावतीच्या कडेला, नाल्यापलीकडे येऊन बसली. सर वर्गात पूर्व आफ्रिकेतल्या एका शहराचा उपनगरी वॉर्ड शिकवायचे. उंचावर गोऱ्यांचे बंगले, खाली मजुरांची वस्ती, मधे कुंपण. गरिबाची वाट अडवणारं शहर माणसांचं नसतं, असं सांगताना ते हातातला खडू खाली ठेवायचे. त्या बोलण्यावर मी भाळले. शहराच्या कडेचा सर्व्हे ठरला तेव्हा आमची वस्ती दाखवायला मीच हात वर केला. नाला कुठून ओलांडतो, कॉलनीत कुठल्या फटीतून शिरतो, सगळं दाखवलं. नकाशात पायवाट तुटक रेघेनं काढायची, हे त्यांनीच शिकवलेलं. मी काढली.

सर त्या कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. भिंतीच्या दिवशी मिस्त्रीच्या हातात त्याच नकाशाची झेरॉक्स होती. माझ्या अक्षरासकट. माझ्याच हातानं माझ्या आईची वाट बंद करून घेतली या माणसानं. अजून जीव जळतो.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सरांच्या शेजारी बाहेरचे परीक्षक बसले होते. सरांनी माझ्या नकाशावर बोट ठेवलं.

“ही वाट आता नाही. खोडून टाक.”

कॉलेजात मी जपून, पुस्तकातलं बोलायचे. त्या दिवशी घरचं तोंडात आलं.

“काहून खोडू, सर? वाट हाये. भिंत तुमी बांधली.”

परीक्षकांनी पुढचं जर्नल उघडलं. सरांनी खोडरबर पुढे सरकवला. मी त्याला हात लावला नाही.

मार्क पडायचे तेवढेच पडले. आई म्हणाली, “मोठ्या मान्सांशी कायले भांडतं व माय?” दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया घेऊन महापालिकेत गेले. साहेब म्हणाले, पाहू. परत गेले. पुन्हा तेच.

सर रस्त्यात दिसले तर मी आता नमस्कार करत नाही. महापालिकेत जातच राहणार. तरी महापालिकेनं भिंत पाडली नाही, तर आम्ही पाडू. लोखंडी सब्बल आमच्याही घरी आहे.