आमची फाईल उघडून दाखवा

जालन्याच्या एमआयडीसीत सळई काढणाऱ्या एका मिलमध्ये मी ड्रॉइंगचं काम करते. लालबुंद लोखंड ज्या दोन रोलांमधून दाबलं जातं, त्या रोलांवरच्या खाचांची मापं मी ठरवते. हे काम चालायचं युनिक्स प्रणालीच्या एका जुन्या वर्कस्टेशनवर, म्हणजे अशा किचकट कामांसाठीच्या दणकट संगणकावर. ते मी नोकरीला लागले त्याच्याही आधीचं. त्यावरचा प्रोग्राम माझ्या आधीच्या साहेबांनी लिहिलेला, पुढे मी वाढवलेला. पण आता त्या मशीनची डिस्क कण्हायला लागली होती आणि सुटे भाग कुठंच मिळत नव्हते.

त्याच सुमारास एका कंपनीनं नवी युनिक्स वर्कस्टेशन्स जाहीर केली. कार्यक्रम जालन्यातच, एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. आमचे शेठ, म्हणजे मिलचे मालक, मला सोबत घेऊन गेले. पडद्यावर चकचकीत चित्रं फिरली, वेगाचे आकडे आले, टाळ्या झाल्या. मग पुण्याहून आलेल्या विक्री अधिकाऱ्यानं विचारलं, "काही प्रश्न?"

हॉलभर मिलमालक आणि बियाणे कंपन्यांचे मॅनेजर. बाई मी एकटीच. मी उभी राहिले.

"याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे. आमच्या जुन्या फायलींमधले आकडे हा बरोबर वाचेल का? आणि रोलांवर खाचा कापणाऱ्या लेथला मापं पाठवायला सीरियल पोर्ट लागतो. तो तर मागं कुठं दिसत नाही."

"होऊन जाईल मॅडम. शेवटी युनिक्स ते युनिक्सच."

"होऊन जाईल म्हणजे करणार कोण? तुम्ही का आम्ही?"

मागे कुणीतरी हसलं. अधिकारीही हसला. "हे आपण चहाच्या वेळी बोलू."

"ताई, बसा आता," शेठ दबक्या आवाजात म्हणाले.

मी बसले नाही. "चहाच्या वेळी नको, इथंच सांगा. आमची एक फाईल यावर उघडून दाखवा."

त्यानं माझ्यावरून नजर वळवली आणि पलीकडच्या माणसाला माईक दिला.

गाडीत शेठ भडकले. "चार लोकांत माझी इज्जत घालवली! मी मशीन बुक करून राह्यलो, अन् तुम्ही खोट काढून राह्यल्या."

"करा ना बुक. पण आपली फाईल बराबर उघडल्याबिगर मी जुनं मशीन हलू देणार न्हाई. आकडा चुकला तर खाच चुकंल, अन् लाल सळई रोलातून बाहेर उसळंल. तिथं माणसं उभी राहतेत, शेठ."

नोकरी गेली, असंच मी धरून चालले. वाटूरला, माझ्या गावी, आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग? विचारायलाच नेल्तं ना तुला?"

नोकरी गेली नाही. मशीन आलं. त्याच दिवशी आमच्या मॅनेजरनं भंगारवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. जुनं मशीन न्यायला तो आत आला तेव्हा मी टेबलापुढं खुर्ची ओढून बसले. "आज न्हाई," मी म्हणाले. मॅनेजर ओरडला, भंगारवाला वैतागला, पण टेम्पो रिकामाच परत गेला.

मग कंपनीच्या इंजिनिअर बाईंनी नव्या मशीनवर आमची फाईल उघडली. सोळा मिलिमीटरच्या जागी चौकटीत मावणार नाही एवढा भलताच आकडा. जुनं मशीन आकड्याचे तुकडे ज्या क्रमानं ठेवायचं, त्याच्या उलट्या क्रमानं नवं मशीन ते वाचत होतं. बस, एवढंच. पण एवढ्यानंच कुणाचा तरी हातपाय गेला असता.

"तुमचा प्रश्न बरोबर होता," त्या म्हणाल्या. "आम्हाला तो कंपनीच्या आतसुद्धा विचारू देत नाहीत."

आम्ही दोघींनी मिळून क्रम उलटवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सीरियल पोर्टचं कार्ड येईपर्यंत मी पुण्याला रोज फोन केले. "मिळेल" या उत्तरावर एकदाही फोन ठेवला नाही. कार्ड आल्यावर प्रत्येक मापाचं ड्रॉइंग जुन्या आणि नव्या मशीनवर काढून शेजारी शेजारी ठेवलं, आणि जुळल्यावरच लेथ चालू करू दिली.

नव्या मशीनवरच्या मापाचे रोल चढवले त्या दिवशी शेठ स्वतः खाली आले. सळई सरळ आली, न अडकता पुढे गेली. गेज लावून जाडी बघणाऱ्या मिस्त्रींनी होकारार्थी मान हलवली.

"झालं आता समाधान?" शेठ म्हणाले.

"आजच्यापुरतं झालं," मी म्हणाले. ते वर गेले. शाबासकी त्यांनी दिली नाही, आणि मी तिची वाटही पाहिली नाही.

त्या कंपनीच्या ऑफिसात मला आता 'कटकटी मॅडम' म्हणतात, असं इंजिनिअर बाईंनीच हसत सांगितलं. म्हणू देत. गेल्या महिन्यात त्या कंपनीनं आणखी नवं मॉडेल जाहीर केलं. मी माझी सगळ्यात जुनी फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि कार्यक्रमात पहिल्या रांगेत जाऊन बसले.