माझी शपथ उतरवणारे काकड्या भगत

ज्यांच्या भगतगिरीविरुद्ध मी भाषणं ठोकली, ते काकड्या भगत आज गेले. आणि मी बसमध्ये रडतेय.

हसा हवं तर.

अकरावीत होतो आम्ही. मी आणि सुनीता. तलासरीचं हॉस्टेल, शेजारी-शेजारी गाद्या.

दिवाळीआधी सुनीता गप्प झाली. ताट तसंच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मी काय केलं? लेक्चर दिलं.
"ऊठ! आपल्या पोरींना रडत बसणं परवडतं का?"

ती म्हणाली, "तू बोलतेस छान. मला जगायचंच नाय. कोणाला सांगशील तर माझी शपथ."

शपथ मोडली तर घालणाऱ्याचंच वाईट होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. देव न मानणारी मी त्या शपथेला घाबरले. तोंड उघडलं नाही.

सुट्टीत तिच्या आईने तिला गंजाडला भगताकडे नेलं. मी भांडायलाच सोबत गेले.

"बाबा, हे थोतांड आहे."
"असंल. बस आधी."

त्यांनी सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिले. मग बराच वेळ सुनीताकडे. मग माझ्याकडे. मायलेकींना ओट्यावर बसवलं आणि मला आत बोलावलं.

"तुला काय सांगला तिनं?"
"शपथ आहे."
"मग उतरवतो."

मूठभर तांदूळ माझ्या डोक्यावरून ओवाळून बाहेर फेकले.
"उतरली. बोल आता."

आणि मी, स्टेज गाजवणारी, हुंदके देत सगळं सांगून टाकलं.

"हा माझ्या हातचा नाय," ते म्हणाले. "दाक्तरचा हाय. चला."

सुनीताच्या आईने उताऱ्यासाठी आणलेला कोंबडा त्यांनी परत दिला. आमच्यासोबत टमटममध्ये बसून डहाणूच्या सरकारी दवाखान्यात आले. डॉक्टर सुनीताशी एकटीशी बोलत होते तोवर बाहेर बाकावर बसून राहिले.

निघताना मला म्हणाले, "तिला एकटी नको सोडू. न् भाषण नको देऊ. नुसती बस जवळ."

आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं.

औषधं, चकरा. बरे दिवस, मग पुन्हा वाईट. वर्ष गेलं त्यात. एका दुपारी तिने माझ्या ताटातला बोंबील न विचारता उचलला. मी उठले. जाऊन दुसरा आणला.

भगतगिरीशी माझं भांडण आहे, राहील. पण त्या दिवशी पुस्तकं वाचलेली मी होते आणि शहाणे ते होते.

पोरांनो, मित्र असं काही बोलला आणि शपथ घातली, तर मोडा! त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. मित्र रागावेल. रागवायला तो असला पाहिजे ना?

आज फोन सुनीतानेच केला.
"बाबा गेले गं. मी पोराला घेऊन निघालेय. तू कुठं पोचलीस?"

येतेय.

बाबा, आज वाद घालणार नाही. जोहार.