झाकणकाका

काकांच्या फ्रीजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात मी कधी आइस्क्रीम पाहिलं नाही. व्हॅनिलाच्या डब्यात आमटी असायची आणि स्ट्रॉबेरीच्या डब्यात भिजवलेले मूग. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या सगळ्याच मराठी घरांची ही रीत होती, पण तिचं तत्त्वज्ञान केलं ते काकांनीच. "लेबल वाचू नका, झाकण उघडा," असं ते उठताबसता म्हणत. म्हणून आम्हा मुलांचे ते झाकणकाका.

नोकरीने मोटारींचे इंजिनिअर, पण त्यांचा खरा दरबार शनिवारी सकाळी डायनिंग टेबलवर भरायचा. मेडिकलला अर्ज करणारं प्रत्येक मराठी मूल मार्कांचा कागद घेऊन आधी तिथे हजर. मेडिकल कॉलेजं सायन्सची सरासरी वेगळी बघत. तिच्यात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स एवढंच धरत, आणि आपला कोणता कोर्स कशात बसतो ते अर्ज करणाऱ्यानेच लिहायचं. काका वहीत पाच खण आखत: चार सायन्सचे, पाचवा 'बाकी सगळं'. इंजिनिअरिंग त्या पाचव्या खणात जातं, हे दुःख त्यांना पचत नसे.

"म्हणजे मी 'बाकी सगळं'?" ते काकूंना विचारत.

"मला लग्नापासून माहीत आहे," काकू म्हणत.

माझी पाळी आली तेव्हा मी अँथ्रोपॉलॉजीचा कोर्स खुशाल पाचव्या खणात टाकला होता. काकांनी सिलॅबस मागितला. तो मी कधीच हरवला होता. काकांनी मला गाडीत घातलं आणि तासभर ड्राइव्ह करून थेट प्रोफेसरांच्या दारात उभं केलं. सिलॅबस मिळाला, तर आत सगळे जीन्स आणि रक्तगट. "ही तर बायॉलॉजी! तुझा 'ए' फुकट चालला होता गं," काका म्हणाले. मला ते देवासारखे वाटले.

परतल्यावर त्यांनी पुढचा कोर्स काढला. सायकॉलॉजी डिपार्टमेंटचं स्टॅटिस्टिक्स. मार्क 'सी'.

"इट्स सायकॉलॉजी, काका! नावच आहे बघा."

"नाव डिपार्टमेंटचं. आत काय शिकलीस?"

"प्रोबॅबिलिटी," मी पुटपुटले.

"मग मॅथ्स."

तो 'सी' सायन्समध्ये धरला की माझी सरासरी चारपैकी साडेतीनच्या खाली जात होती, आणि साडेतीनच्या खाली कुणी विचारत नाही असं आम्ही सगळे मानत होतो. लहानपणापासून मला डॉक्टरच व्हायचं होतं. मी रडले, चिडले. काकांची पेन्सिल हलली नाही.

घरी टाइपरायटरवर अर्ज भरताना मी काकांचं ऐकलं नाही. सरळ 'सायकॉलॉजी' असं टाइप केलं.

काही आठवड्यांनी अर्ज तपासणाऱ्या ऑफिसचा कागद आला. त्यांनी कोर्स मॅथ्समध्ये हलवला होता. आता आपल्याला लबाड ठरवून सगळी कॉलेजं नकार देणार, या भीतीने मी काकांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. वाटलं, हाकलून देतील. ते पोट धरून हसले.

"अगं, झाकण तिकडेही उघडतात," ते म्हणाले. मग कागद पुढे ओढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. अँथ्रोपॉलॉजी बायॉलॉजीतच राहिली होती. सरासरी साडेतीनच्या जरा खाली, पण काकांच्या वहीत होती तेवढीच. एका कॉलेजने मला वेटिंग लिस्टवर टाकलं आणि वर्ग भरायच्या दहा दिवस आधी बोलावलं. लाज मात्र पुष्कळ दिवस पुरली.

मी हॉस्पिटलात रेसिडेंट असताना एका रविवारी काकू काकांना जबरदस्तीने घेऊन आल्या. काका छाती चोळत होते. "काही नाही गं, गॅस आहे. तुझ्या काकूची वाटाण्याची उसळ. घरी जाऊ दे."

"काका, हे लेबल झालं," मी म्हणाले.

त्यांनी शर्टाची बटणं काढायला घेतली. ईसीजीचा कागद बघून मी लगेच स्ट्रेचर मागवलं. स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी विचारलं, "कुठल्या खणात?"

"हार्टच्या," मी म्हणाले.

"बरं झालं उघडलंस."

त्यानंतर काका चौदा वर्षं जगले, आणि उसळ खात जगले. ते गेल्यावर काकूंनी ती वही मला दिली. माझ्या पानावर पेन्सिलीतला तो 'सी' अजून मॅथ्सच्याच खणात आहे. सगळ्या मार्कांमध्ये आता मला तोच जास्त आवडतो.